आडनावातलं गाव

माझं माहेरचं आडनाव मी इथं लिहीत नाही. माझ्या भावांची मुलं ते लावतात, त्यांना न विचारता छापायचं कशाला. त्याच्या शेवटी 'कर' आहे एवढं सांगितलं तरी पुरे. म्हणजे कधीतरी कुठल्यातरी गावाहून आमचं कुणीतरी आलं आणि इथल्या लोकांनी त्याला त्या गावाच्या नावानं हाक मारायला सुरुवात केली. ते गाव कुठलं, हे मात्र आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आम्ही गारगोटीच्या बाजूचे. आमचं सगळं गाव तीन भावक्यांत वाटलेलं. यात्रेचा नारळ एकीचा, पालखीचा खांदा दुसरीचा, होळीचा मान तिसरीचा. आमचं घर तेवढं सुटं. थोडी जमीन, दोन म्हशी, आणि माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. लोक वाईट वागत होते असं नाही. अडीनडीला धावून यायचे. पण बांधावरून काही वाजलं की शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं: "तुमचं सुतक एका घरात मावतंय, तुमी कशाला तोंड वर करून बोलालाय?"

हे वाक्य शहरातल्या माणसाला कळणार नाही म्हणून सांगते. आमच्याकडे कुणी गेलं की भावकीतली सगळी घरं सुतक धरतात. सगळे पुरुष डोकं भादरतात. गावातनं नुसतं चालत गेलं तरी कळतं, कुठल्या भावकीचं माणूस गेलंय आणि ती केवढी आहे. माझे आजोबा गेले तेव्हा साऱ्या गावात अण्णांचं एकट्याचं डोकं भादरलेलं होतं. ते तसेच म्हशी घेऊन ओढ्यावर जायचे. मी लहान होते, पण ते डोकं मला अजून दिसतं. अण्णांनी पुढं कधी पैसा मागितला नाही, जमीन मागितली नाही. त्यांना भावकी हवी होती. "मी गेल्यावर चार डोकी तरी भादरलेली दिसूदेत," एवढंच म्हणायचे, आणि ते गमतीनं म्हणत नव्हते.

म्हणून ते शोधायचे. आमच्या आडनावाचा माणूस कुठं भेटला की संपलंच. एकदा कोल्हापूरला जाताना एसटीच्या कंडक्टरच्या छातीवरच्या बिल्ल्यावर त्यांनी आमचं आडनाव वाचलं. तिकीट घ्यायच्या आधी विचारलं, "पावणं, देवक काय तुमचं?" देवक म्हणजे लग्नात पूजतात ती कुळाची खूण. कुणाचं झाड, कुणाचा वेल, कुणाचं पीस. ज्यांचं देवक एक ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. कंडक्टर म्हणाला, "आधी तिकिटाचं बोला की." अण्णांनी तिकीट घेतलं आणि पुन्हा देवक विचारलं. मूळ गाव विचारलं, कुलदैवत विचारलं. कोल्हापूरच्या स्टँडवर गाडी रिकामी झाली तरी हे दारातच उभे. कंडक्टर हात जोडून म्हणाला, "उतरा आता, मालक. म्हातारीला विचारतो आणि उद्या सांगतो." अण्णा दुसऱ्या दिवशी त्याच गाडीला खरंच गेले. म्हातारीनं मोरपीस सांगितलं होतं. आमचं पंचपालवी, पाच झाडांचे डहाळे. जमलं नाही.

पंचपालवीचा एक घोटाळा आहे. अर्ध्या जिल्ह्याचं देवक तेच. ज्यांना खरं देवक आठवत नाही तेही पंचपालवीच सांगतात. त्यामुळे ते जुळलं तरी कुणी त्याच्यावर विसंबत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. पहिली मुलगी नव्हे, पहिलं माणूस. शेण काढून, धार काढून, एसटीनं गारगोटीला जाऊन मी बी.ए. केलं, आणि मला त्याचा गर्व आहे. तो कमी करून सांगायची मला सवय नाही. अण्णांना वाटायचं, पोरगी शिकली म्हणजे आता आडनावाचा निकाल लावणार. मी लायब्ररीत बसले. जुन्या पुस्तकांत त्या नावाची गावं शोधली. एकासारखी एक बरीच निघाली. एक जोतिबाच्या डोंगराकडं असल्याचा नुसता उल्लेख, नकाशात नाही. एक निपाणीच्या पलीकडं, कर्नाटकात. आमच्या घरात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून मला कर्नाटकातलं खरं वाटायचं. अण्णांचं कुलदैवत जोतिबा, म्हणून त्यांना डोंगराकडचं.

पण खरी गोष्ट मला पुस्तकात मिळाली नाही, एसटीत सुचली. खिडकीपाशी बसून विचार करत होते. गारगोटीत राहणाऱ्याला गारगोटीत कुणी गारगोटीकर म्हणेल का? त्या गावचा माणूस गाव सोडतो तेव्हाच त्याला ते नाव पडतं. म्हणजे आमचं मूळ गाव जिथं असेल तिथं आमचं आडनाव एकाचंही नसणार. अण्णा इतकी वर्षं आमच्यासारखे उठून गेलेलेच शोधत होते.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा अण्णा धार काढत होते. त्यांचे हात थांबले. म्हैस हलली, त्यांनी तिला गप्प केलं आणि म्हणाले, "म्हंजी माणसं न्हाई हुडकायची. गाव हुडकायचं."

"व्हय. आडनाव वेगळं असलं तरी भावकी आपली असू शकती."

"आणि ही तुला कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. सुचलं."

त्यांनी धार पुरी काढली. मग आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलीस काय? फी वाया गेली न्हाई."

पुढं मी बी.एड. केलं, एका शाळेत लागले, आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. नव्वदचं दशक तेव्हा निम्म्यावर आलं होतं. मामानं एक स्थळ आणलं. मुलगा वारणानगरला दुधाच्या कामात, दूध तपासायच्या खोलीत. गाव पन्हाळ्याच्या बाजूला, जोतिबाच्या डोंगराखाली. आडनाव हुद्द्यावरून आलेलं, जिल्ह्यात हजारो घरांचं असतं तसलं. देवक पंचपालवी. मामा म्हणाला, "पंचपालवीला कोण मोजतंय? आडनाव येगळं, गाव येगळं, झालं."

पाहुणे आले. मी चहा दिला, बसले. त्याच्या चुलत्यानं नाव, शिक्षण वगैरे विचारलं. मग सगळे म्हणाले, मुलाला काही विचारायचं असेल तर विचारू दे. त्यानं विचारलं, "आमच्याकडं तपासणीला येतंय त्या दुधात पाणी असतंय. तुमच्याकडं घालत्यात काय?"

मी म्हटलं, "आमचं दूध चोख असतंय. फॅट कमी लावणारा तुमच्यासारखाच एकजण आमच्या डेअरीत बसलाय, त्येला विचारा."

अण्णांनी मान खाली घातली. मामा खोकला. त्याचा चुलता मात्र मांडीवर हात मारून हसला, "सापडलास की रं." आणि तोही हसला, कानापर्यंत लाल होऊन. मला तो तिथंच पसंत पडला. असं लिहायला बायका लाजतात. मी का लाजावं, तेव्हा काही चोरून नव्हतं.

नंतर एकदा तो बाजारच्या दिवशी गारगोटीच्या स्टँडवर भेटला. सोबत त्याची आत्या होती, म्हणजे भेट रीतसरच. आम्ही हॉटेलात चहा घेतला. आत्या मुद्दाम भज्यांकडं बघत बसली. त्यानं विचारलं, "पुढं शिकायचं हाय काय?" मी म्हटलं, एम.ए. करायचं मनात आहे, बाहेरून. तो म्हणाला, "मग करा की. पुस्तकं कोल्हापुरातनं मी आणून देत जाईन. माझी जाऊन-येऊन फेरी असतीच." तोपर्यंत मला सगळ्यांनी शिकू दिलं होतं. पुस्तकं आणून देतो असं कुणी म्हटलं नव्हतं.

सुपारी ठरली. त्याआधी रिवाजाप्रमाणे अण्णा आणि मामा त्यांचं घर बघायला गेले. मुलीनं जायची पद्धत नाही, म्हणून मी घरीच. जे झालं ते नंतर दोघांच्या तोंडून ऐकलं, आणि दोघांनी ते दोन तऱ्हेनं सांगितलं.

जेवणाआधी त्याचा चुलता त्यांना शेत दाखवायला घेऊन गेला. ऊस झाला, विहीर झाली. शेवटी उताराला एक मोकळं माळरान होतं. मध्ये पडका कट्टा, शेंदराचे दोन दगड, आणि मातीत खापऱ्या. अण्णांनी विचारलं, "ही काय?" चुलता म्हणाला, "आमची जुनी पांढर. आमचं मूळ गाव हितं होतं. प्लेगात उठलं. निम्मं वर गेलं, तीच आमचं आत्ताचं गाव. एक भाऊ बायकोच्या माहेराकडं गेला म्हणत्यात, दक्षिणंला. तो कवा माघारी आला न्हाई." आणि त्यानं त्या पांढरीचं नाव घेतलं.

मामा सांगायचा, अण्णा तिथंच खाली बसले. अण्णा सांगायचे, बसलो नाही, दगडाच्या पाया पडायला वाकलो. त्यांच्या आजोबांचे वडील घरजावई म्हणून आमच्या गावात आले होते, एवढं त्यांना त्यांच्या आईकडून ठाऊक होतं. ते वाकले ते उठून म्हणाले, "ही नाव माझं हाय. माझं आडनाव हेच हाय. तो गेल्याला भाऊ आमचा."

चुलत्यानं क्षणभर त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांना मिठी मारली. "मग पावणं कसलं तुमी," तो म्हणाला, "तुमी तर घरातलं." शेतात काम करणाऱ्यांना हाका मारल्या. घरातनं गुलाल आणला, खोबरं आणलं. दगडांना वाहिलं, एकमेकांना लावलं. अण्णांना पाहुण्यांच्या पाटावरून उठवून घरच्यांच्या पंक्तीत बसवलं. मामा म्हणतो, "मी एकटाच पाटावर उरलो. मला कवाच कळलं काय झालं ती, पर ह्या माणसाला हात धरून कसं सांगू? त्येच्या डोळ्याला धार लागलेली."

अण्णांना कळलं ते परतीच्या गाडीत.

दिवस मावळताना ते घरी आले. कपाळ गुलालानं भरलेलं. दारात उभे राहून आईला म्हणाले, "भावकी घावली."

आई आधी हसली. मग तिच्या हातातलं सूप खाली आलं. "म्हंजी पोरगा भाऊ झाला की हिचा."

मामा म्हणाला, "अजून कायबी बिघडल्यालं न्हाई. पांढरीची नावं काय, छप्पन गावांची एकसारखी असत्यात. त्येंना म्हणायचं, आमची चूक झाली, आमचं गाव दुसरं. पंचपालवीला कोण इचारत न्हाई."

अण्णा माझ्याकडं वळले. "तू शिकल्याली हाईस. तू सांग. माझं चुकलं काय?"

मी खरोखर शिकलेली होते, म्हणून मला उत्तर येत होतं. पुरावा काहीच नव्हता. एक नाव, एक घरजावई, एक दक्षिणेला गेलेला भाऊ. प्लेगात किती गावं उठली, किती भाऊ गेले. कर्नाटकातलं गाव तर अजून उभं होतं, तिकडं आम्ही कधी बघितलंही नव्हतं. हे सगळं मी म्हटलं. अण्णांनी नीट ऐकून घेतलं, प्रत्येक गोष्टीला "व्हय, बरोबर" म्हणाले. मग म्हणाले, "असंल. पर त्येंनी मला घरातला म्हटलं. आता मी कोणत्या तोंडानं सांगू, मी घरातला न्हाई?"

मी त्यांच्या कपाळाकडं बघितलं. त्या माणसाला गुलाल लावायला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, "नका सांगू."

आई म्हणाली, "आणि तू?"

"मी काय. दुसरं बघू."

त्यांच्याकडूनही निरोप तोच आला. सोयरीक होऊ शकत नाही, पण यात्रेला सगळ्यांनी यायचं, आता घर आपलंच. निरोप घेऊन त्याचा धाकटा भाऊ आला होता. त्यानं मला ताई म्हटलं. जाताना म्हणाला, "दादा दोन दिस जेवला न्हाई, पर तुमी वंगाळ वाटून घेऊ नका."

मी घेतलं. मी माणूस होते.

चैत्रात आम्ही जोतिबाला गेलो. डोंगर गुलालानं माखलेला, गावोगावच्या उंच सासनकाठ्या गर्दीतनं डोलत निघालेल्या. त्यांच्या गावच्या काठीला तोल धरायला चारी बाजूंनी दोऱ्या होत्या, आणि एक दोरी अण्णांच्या हातात दिलेली. काठी झुकली की सगळे ओरडायचे, अण्णा मागं रेटून पाय रोवायचे. त्यांच्या समोरच्या दोरीला तो होता. दोघं एकाच काठीला दोन बाजूंनी ताणून धरत होते आणि काठी उभी होती. अण्णा मध्येच गर्दीत मला शोधायचे, मी बघतेय ना म्हणून. मी बघत होते. दोघांनाही.

भाऊबीजेला त्यांच्याकडची पोरं येऊ लागली. मी ओवाळायची, ते साडी-चोळी आणायचे, दंगा करायचे. तो एकदाही आला नाही. आईला वाटायचं, शिष्ट आहे. त्याला ताटापुढं बसवून त्याच्या कपाळाला टिळा लावायची वेळ त्यानं माझ्यावर आणली नाही, यासाठी मी त्याला आजही मानते.

माझं लग्न चांगल्या घरात झालं. नवरा शिक्षक, सरळ माणूस, तक्रार नाही. एम.ए. मी पुढं केलं. पुस्तकं मीच जाऊन आणली. पिशवी घेऊन कोल्हापूरच्या स्टँडवर गारगोटीच्या गाडीची वाट बघताना दर वेळी मला कुणाची तरी आठवण व्हायची, आणि गाडी आली की मी चढायची.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी अण्णा गेले. सकाळी निरोप धाडला आणि दुपारच्या आत डोंगराखालून टेम्पो भरून माणसं आली. ओढ्याच्या काठी न्हावी बसला आणि रांग लागली. चुलत्याची मुलं, त्यांची मुलं, आणि तो. आमच्या गावच्या तिन्ही भावक्यांतली माणसं पारावर बसून ती रांग बघत होती. संध्याकाळी ओसरीवर ती सगळी भादरलेली डोकी भिंतीला टेकून बसली होती, आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन एकेकाला पाणी देत गेले. त्याच्यापुढं गेले. त्याचं डोकं ऊन लागून तांबडं झालं होतं, पोट सुटलं होतं, वय दिसत होतं. त्यानं पाणी घेतलं आणि म्हणाला, "अण्णांचं झालं की मनासारखं." मी म्हटलं, "झालं." त्यानं मला ताई म्हटलं नाही. तेव्हाही नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी शाळेतल्या एका बाईंच्या मुलीचं लग्न निपाणीच्या पलीकडं होतं. आम्ही वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या, जीपनं निघालो. एका फाट्यावर चाक बसलं. सगळ्या उतरलो. पाटी कानडीत होती, खाली बारीक मराठीत गावाचं नाव. मी ते वाचलं. माझंच माहेरचं नाव, शेवटचं 'कर' सोडून.

रस्त्याकडेला नळावर एक म्हातारी घागर भरत होती. मला बघून कानडीत म्हणाली, "याव ऊर अक्का?" मग माझं तोंड बघून मराठीत, "कंच्या गावच्या?"

मी सांगितलं, गारगोटीकडच्या.

"गारगोटी?" ती घागर कमरेवर घेता घेता थांबली. "आमच्यातली माणसं गेल्यात की तिकडं. लई मागं. म्हशी घिऊन गेल्याली, आमची आजी सांगायची. एक तर तिकडंच घरजावई ऱ्हायला म्हणं. तुमी कुणातल्या? देवक काय तुमचं?"

तिच्या मागं गाव दिसत होतं. कौलं, एक देऊळ, उसाचा पट्टा. मला एवढंच विचारायचं होतं, तुमचं देवक काय. एका शब्दाचं उत्तर आलं असतं. नुसत्या पंचपालवीवर कुणी विसंबत नाही, पण नाव आणि घरजावई यांच्या जोडीला तेही जुळलं असतं तर डोंगराखालची माणसं आमची कुणी नव्हती, तो माझा कुणी नव्हता, आणि अण्णांसाठी परक्यांनी डोकी भादरली होती. ते जुळलं नसतं तरी मी ते विचारलं, एवढं उरलंच असतं. त्या रांगेतलं एकही डोकं मला परत करायचं नव्हतं.

तिनं पुन्हा विचारलं, "आडनाव काय, बाई?"

मी सासरचं सांगितलं. ते खरंच होतं.

ती थोडा वेळ आठवत राहिली. "मग न्हाई," म्हणाली, "त्या घरातलं हितनं कोण गेल्यालं न्हाई." आणि मला ओंजळ धरायला लावून तिनं तिच्यात पाणी ओतलं. मी ते प्यायले. तोवर चाक बदलून झालं होतं, बायका हाका मारत होत्या. मी जाऊन जीपमध्ये बसले, गावाच्या बाजूच्या खिडकीशी, आणि ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.